बॅरिस्टर काका बॅप्टिस्टा : मजुरांचे ख्रिस्ती कैवारी

स्मरणिकेत संतांची व थोर धर्मगुरूंची चरित्रे छापावयाची, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे, आणि तो स्तुत्यच आहे. यंदा ज्युबिलीच्या निमित्ताने मी जे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे, ते मात्र संताचे नव्हे, धर्मगुरूचेही नव्हे. ते एका बॅरिस्टराचे आहे. ख्रिस्तसभेने त्यांस संतपदास चढविलेले नाही, व तसा विचारही कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तथापि दिवसाचे बारा बारा तास गिरणीत राबणाऱ्या, अंधाऱ्या चाळीत एका खोलीत चार बिऱ्हाडांच्या दाटीने राहणाऱ्या मजुराची बाजू ज्या मोजक्या सुशिक्षितांनी आपली म्हणून उचलली, त्यांत हा आपला धर्मबंधू अग्रभागी होता. त्यांचे नाव जोसेफ बॅप्टिस्टा. मुंबईचे लोक त्यांस काका म्हणत.

नायगावकरांस हे चरित्र परके वाटू नये. आपल्या खाडीच्या काठावर उभे राहिले म्हणजे पलीकडे भाईंदर दिसते, आणि भाईंदरच्या पश्चिमेस, अगदी दर्याला लागून, उत्तन आहे. बॅप्टिस्टांचे वडील जॉन बॅप्टिस्टा हे त्या उत्तनचे. आपल्या पूर्वजांनी ज्या पोर्तुगीज अमदानीत बाप्तिस्मा घेतला, त्याच अमदानीत खाडीपलीकडच्या साष्टीतही चर्चे उभी राहिली. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, तेव्हा राज्य बदलले, पण दोन्ही काठांवरची घंटा वाजत राहिली. पुढे पोटापाण्यासाठी दोन्ही काठांवरचे लोक एकाच दिशेने निघाले, ती दिशा मुंबईची. कोणी गोदीत गेला, कोणी गिरणीत, कोणी रेल्वेच्या कारखान्यात, कोणी साहेबाच्या कचेरीत.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात गुजरातेकडून येणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून थेट मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला, आणि पुढे १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी गाडी सुरू झाली. म्हणजे ज्या गाडीने आपल्या गावांचे आणि त्या शहराचे नशीब एकत्र बांधले, ती गाडी आणि हा मनुष्य समवयस्क होत. माथारपाखाडी म्हणजे माझगावच्या पोटातले एक ख्रिस्ती खेडेच. लाकडी घरे, बाहेरून चढणारे जिने, पुढे सज्जा, आणि गल्लीच्या मध्यावर क्रूस. ते अद्याप बऱ्याच अंशी उभे आहे. आपल्यापैकी कोणी अजून पाहिले नसेल तर अवश्य पाहावे. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. नंतर पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात ते शिकले. पुढे विलायतेस जाऊन केंब्रिज येथे फिट्झविल्यम हॉलमध्ये राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९९ साली ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले.

विलायतेतील त्या वर्षांत त्यांच्या मनावर एका विषयाचा पक्का ठसा उमटला, तो आयर्लंडचा. आयर्लंड हे बहुसंख्य कॅथलिकांचे राष्ट्र. तेथील शेतकरी जपमाळ ओढीत होता आणि परक्या जमीनदारास खंड भरीत होता. ग्लॅडस्टन यांनी १८८६ साली एकदा आणि १८९३ साली पुन्हा आयर्लंडास स्वराज्य देणारे बिल पार्लमेंटात मांडले. दोन्ही वेळा ते फसले. या चळवळीकडे पाहून बॅप्टिस्टांस जे उमगले, ते आपल्या समाजाच्या दृष्टीने फार मोलाचे होते. राजाच्या धर्माशी आपला धर्म जुळतो म्हणून राजाच्या बाजूस उभे राहावे, हा हिशेब चुकीचा आहे. आयर्लंडात राजा ख्रिस्ती होता आणि रयतही ख्रिस्ती होती. तरी अन्याय तो अन्यायच होता.

या हिशेबाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या आपल्या समाजाची मनःस्थिती ध्यानात घ्यावी लागते. मुंबई, साष्टी व वसईच्या एतद्देशीय कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडियन असे नाव धारण केले. त्यामागे सरकारदरबारी आपली निराळी ओळख राहावी आणि नोकऱ्यांत आपला वाटा सुटू नये, ही काळजी होती. मी त्या पूर्वजांस दोष देत नाही. मूठभर समाज होता, पाठीशी धन नव्हते, आणि कारकुनी हाच उत्कर्षाचा जिना होता. परंतु त्या जिन्याला एकच दार होते आणि ते सरकारी बंगल्यात उघडत होते. बॅप्टिस्टा त्याच समाजात वाढले, बॅरिस्टर झाले, आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडून लोकांत मिसळले.

१९०१ साली ते मुंबई कॉर्पोरेशनात निवडून आले व पुढे दीर्घकाळ त्यांनी तेथे काम केले. सरकारी लॉ स्कूलमध्ये ते कायदाही शिकवीत. शहराचा तो काळ भयंकर होता. १८९६ साली आलेली प्लेगची साथ वर्षानुवर्षे हटली नव्हती. गिरण्यांची धुराडी वाढत होती, आणि धुराड्यांच्या पायथ्याशी चाळी वाढत होत्या. शहरातील सुमारे दोन-तृतीयांश माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असत. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याकडचा मनुष्य जॉबरच्या मेहेरबानीने कामास लागे आणि सावकाराच्या मेहेरबानीने जगे. पगार महिना उलटून कित्येक दिवसांनी हाती पडे; मधल्या दिवसांचे व्याज सावकाराकडे. नळ, गटार, शौचकूप यांचे प्रश्न कॉर्पोरेशनच्या सभेत येत, आणि त्या प्रश्नांची दुर्गंधी सभागृहापर्यंत येत नसे. बॅप्टिस्टांचे घर मात्र माझगावास, गोदीच्या आणि गिरण्यांच्या शेजारी. त्यांस या गोष्टी कागदावर वाचाव्या लागल्या नाहीत.

लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जडला तो आयुष्यभराचा. हे नाते पुष्कळांस चमत्कारिक वाटते. एक पुण्याचे सनातनी ब्राह्मण, गीतेचे भाष्यकार; दुसरे मुंबईचे कॅथलिक बॅरिस्टर, विलायती पोशाखाचे. पण टिळकांस कायदा समजणारा आणि न भिणारा मित्र हवा होता, आणि बॅप्टिस्टांस लोकांपर्यंत पोहोचलेला पुढारी. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा कायद्याच्या सल्ल्यासाठी बॅप्टिस्टा त्यांच्या पाठीशी होते. २२ जुलै रोजी टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या निषेधार्थ सहा दिवस काम बंद ठेवले. रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. माझ्या समजुतीप्रमाणे बॅप्टिस्टांच्या आयुष्याची दिशा त्या सहा दिवसांत ठरली. ज्यांस निरक्षर म्हणून कोणी गणतीत धरीत नव्हते, त्यांनी एका मनुष्यासाठी रोजाचे पैसे सोडले होते. पुढे १९१० साली नाशिक कटाच्या खटल्यात सावरकरांच्या बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांतही बॅप्टिस्टा होते. राजद्रोह्याचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारी मर्जी गमावणे, हे त्या दिवसांत पोरासही ठाऊक होते.

टिळक मंडालेहून १९१४ साली सुटून आले. त्यानंतर १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावास स्वराज्यसंघ, म्हणजे होमरूल लीग, स्थापन झाला. तारीख होती २८ एप्रिल. त्याच आठवड्यात डब्लिन शहरात ईस्टरच्या सोमवारी आयरिश क्रांतिकारकांनी हत्यार उचलले होते आणि शहर जळत होते. एकाच आठवड्यात, आयर्लंडापासूनच स्फूर्ती घेतलेला एक कॅथलिक बेळगावात बसून सनदशीर, निःशस्त्र मार्गाने स्वराज्य मागणाऱ्या संघाचा अध्यक्ष झाला. टिळकांनी अध्यक्षपद स्वतःकडे न घेता बॅप्टिस्टांस दिले, आणि न. चिं. केळकर चिटणीस झाले. १९१८ पर्यंत या संघाचे सभासद सुमारे ३२ हजार झाले होते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि वऱ्हाडातील ज्या हजारो हिंदू मंडळींनी सभासदत्वाचा कागद भरला, त्यांच्या संघाचा अध्यक्ष एक ख्रिस्ती होता, व त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. आज हे मुद्दाम सांगावे लागते, ही आपल्या काळाची गोष्ट आहे.

स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची टिळकांची जी घोषणा शाळेतील मुलांसही पाठ आहे, ती मुळात बॅप्टिस्टांनी सुचविली, असे काही जण सांगतात. आपल्या लोकांत तर हे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मला हा वाद फारसा उपयोगाचा वाटत नाही. घोषणा कोणाच्या तोंडून प्रथम निघाली यावरून बॅप्टिस्टांची उंची मोजण्याची आवश्यकता नाही. ती मोजावयाची साधने दुसरी आहेत.

१९१७ साली स्वराज्यसंघाच्या वतीने ते विलायतेस गेले. तेथील मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांस त्यांनी हिंदुस्थानची बाजू समजावून दिली आणि त्यांची मैत्री संपादन केली. या प्रवासाहून ते परत आले ते एक निश्चित विचार घेऊनच. मजुराची संघटना उभारल्याखेरीज स्वराज्य म्हणजे गोऱ्या मालकाच्या जागी काळा मालक, एवढेच होईल, या जातीचा तो विचार होता. त्यांच्या मनात एक नवा लोकसत्तावादी, समाजवादी पक्ष काढावयाचे घाटत होते. त्या पक्षाचे इंग्रजी दैनिक चालविण्यासाठी त्यांनी पाँडिचेरीस अरविंद घोष यांना पत्र लिहिले. अरविंदांनी १९२० च्या जानेवारीत आदरपूर्वक नकार कळविला. त्यांचे मन तोवर योगसाधनेत रमले होते. टिळकही त्याच वर्षी १ ऑगस्टला मुंबईस सरदारगृहात निवर्तले. बॅप्टिस्टांचे दोन आधार असे एकाच वर्षात सुटले.

परंतु गिरणगाव स्वस्थ नव्हते. महायुद्धात मालकांस अलोट नफा झाला होता, आणि धान्य व कापड मजुराच्या आवाक्याबाहेर गेले होते. १९१९ च्या जानेवारीत लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. १९२० च्या जानेवारीत पुन्हा गेले. या दुसऱ्या संपानंतर दहा तासांचा दिवस गिरण्यांत आला. त्यापूर्वी कायद्यानेच बारा तास होते! वाचकांनी क्षणभर थांबून या आकड्याचा विचार करावा. पहाटे अंधारात घर सोडावयाचे आणि रात्री अंधारात परतावयाचे. मुलांस बापाचे तोंड रविवारी दिसे. असा मनुष्य मिस्साला येऊन बाकावर झोपी गेला, तर पाद्रीबुवांनी त्यास काय म्हणावे?

येथे मला माझ्याच वर्गाविषयी थोडे बोलावेसे वाटते. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी रेरुम नोवारुम हे परिपत्रक काढले. मजुराचा योग्य वेतनाचा हक्क, विश्रांतीचा हक्क आणि संघटना करण्याचा हक्क त्यात स्पष्ट मान्य केलेला आहे. सेमिनरीत आम्ही ते परिपत्रक अभ्यासले. जर्मनीतील माइन्सचे बिशप केटेलर, लंडनच्या गोदी कामगारांच्या १८८९ च्या संपात मध्यस्थी करणारे कार्डिनल मॅनिंग, ही नावे आम्हास परीक्षेसाठी पाठ होती. पण तेच हक्क मुंबईच्या रस्त्यावर मागणारा कॅथलिक आपल्या खाडीपलीकडच्या गावचा होता, हे मला कोणत्याही वर्गात कळले नाही. मी धर्मगुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी, एका वयस्क गिरणी कामगाराच्या घरी आजाऱ्याची भेट घेण्यास गेलो असता, त्याने प्रथम काकांचे नाव मजजवळ काढले. तो हिंदू होता. त्याच्या वडिलांनी त्यास ते सांगितले होते.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईस एम्पायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपतराय होते, आणि स्वागत समितीची धुरा बॅप्टिस्टांकडे होती. देशातील मजुरांस एक छत्र मिळाले ते या दिवशी. हे काम निर्धोक नव्हते. मजूरसंघास संरक्षण देणारा कायदा अद्याप झालेला नव्हता. तो १९२६ साली झाला. तोवर मजुरांस काम थांबवा म्हणून सांगणे हा करारभंगास चिथावणी देण्याचा अपराध ठरू शकत असे. मद्रासेस बकिंगहॅम गिरणीच्या प्रकरणी बी. पी. वाडिया यांच्यावर हायकोर्टाने याच कारणास्तव मनाईहुकूम बजावला होता. बॅप्टिस्टा स्वतः कायदा शिकविणारे. आपण कोठे पाय ठेवीत आहो हे त्यांस कोणी सांगावे लागत नव्हते. त्याच १९२० साली मुंबईच्या टपालवाल्यांनी दीर्घ संप केला, आणि टपालवाल्यांच्या संघासही त्यांनीच वाट दाखविली. घरोघर पत्र पोहोचविणाऱ्या त्या गरिबांस दारोदार ओळखत सर्वजण, परंतु त्यांच्या पगाराचा आकडा कोणी विचारला नव्हता.

पुढच्या वर्षी एक अशी गोष्ट घडली की, तिने आपल्या समाजाची आणि बॅप्टिस्टांचीही परीक्षा पाहिली. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईच्या बंदरात उतरले. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. स्वागतास गेलेले पारशी, ख्रिस्ती, ज्यू, युरोपियन परत येत असता जमाव त्यांच्यावर तुटून पडला. दुसऱ्या दिवसापासून उलट मारामारी सुरू झाली. खादी दिसली की मार आणि टोपी दिसली की मार, असे पाच दिवस चालले. पन्नासाहून अधिक माणसे मेली. गांधीजींनी १९ तारखेस उपोषण आरंभिले व शांतता झाल्यावर सोडले. भायखळा, माझगाव, म्हणजे बॅप्टिस्टांचे स्वतःचे अंगण, त्या दिवसांत भीतीने बंद होते. ज्या राष्ट्रीय चळवळीस त्यांनी ऐन उमेदीची वर्षे दिली, तिच्या नावाने त्यांच्याच धर्मबंधूंची डोकी फुटली होती. आणि ज्या धर्मबंधूंनी उलट हात उचलला, त्यांनी त्यांच्याच मित्रांस मारले होते. अशा वेळी मनुष्याने दोहोंपैकी एका बाजूस जाऊन बसावे, हे किती सोपे! पुष्कळ शहाणे ख्रिस्ती त्या नोव्हेंबरनंतर राजकारणापासून कायमचे दूर झाले, आणि आपल्या घरांत ती भीती पिढ्यानुपिढ्या उतरली. बॅप्टिस्टांचा गांधीजींच्या असहकारितेशी आधीपासूनच मतभेद होता. त्यांचा मार्ग टिळकांचा, जेथे मिळेल तेथे घेऊन उरलेल्यासाठी झगडावयाचा. तरीही ते चळवळीतून निघाले नाहीत.

दंगा शमून पुरते दहा दिवस झाले नाहीत, तोच ते झरियास गेले. झरिया म्हणजे त्या काळच्या बिहारातील कोळशाच्या खाणींचा मुलूख. ३० नोव्हेंबर १९२१ पासून तेथे ट्रेड युनियन काँग्रेसचे दुसरे अधिवेशन भरले आणि त्याचे अध्यक्ष बॅप्टिस्टा होते. खाणमालक इतके धास्तावले होते की, त्यांनी सरकारकडे बंदोबस्ताची मागणी केली. मंडपात आले ते हजारो खाणकामगार. अंगाला कोळसा, पायांत काही नाही, आणि त्यांत स्त्रियाही; कारण त्या काळी स्त्रिया भूगर्भात उतरून काम करीत असत. मुंबईत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी नुकतेच एकमेकांच्या जिवावर उठले होते. येथे कोळशाने सर्वांचे तोंड सारखेच काळे झाले होते. मजुरीच्या प्रश्नावर धर्माच्या भिंती ढासळतात, हे पुस्तकात वाचलेले तत्त्व बॅप्टिस्टांनी तेथे डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे.

आता त्यांच्या अपयशाची गोष्ट सांगितली पाहिजे. चरित्रलेखक ती बहुधा गाळतात. महायुद्धाच्या काळापासून गिरणी मालक दरसाल मजुरांस बोनस देत आले होते. १९२३ सालचा बोनस त्यांनी नाकारला. १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास मजुरांनी काम सोडले. बॅप्टिस्टा मजुरांच्या बाजूने उभे राहिले. दोन महिने होऊन गेले. चाळींत चूल पेटेना. वाण्यांनी उधारी बंद केली. मार्चच्या ७ तारखेस गोळीबार होऊन पाच माणसे मेली. सरकारने हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने निर्णय दिला की, बोनस ही मालकाची खुशी आहे, मजुराचा कायदेशीर हक्क नव्हे. मार्चअखेर मजूर रिकाम्या हातांनी कामावर परतले. बॅप्टिस्टा हरले. ज्या बोनसकरिता ती पाच माणसे मेली, तो कायद्याने हक्क म्हणून मिळावयास १९६५ साल उजाडावे लागले. आज दिवाळीपूर्वी आपल्या घरी बोनसाची रक्कम येते, तेव्हा तिच्या मागे असलेला हा जुना हिशेब कोणाच्या ध्यानी असणार?

त्याच १९२४ साली जून महिन्यात जिनिव्हास आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. तीस हिंदुस्थानच्या मजुरांचे प्रतिनिधी म्हणून बॅप्टिस्टा गेले. मुंबईस हरलेला मनुष्य तीन महिन्यांच्या आत साऱ्या जगाच्या प्रतिनिधींपुढे तीच बाजू मांडावयास उभा राहिला.

१९२५ साली मुंबई कॉर्पोरेशनने त्यांस आपला अध्यक्ष निवडले. त्या काळी या पदास अध्यक्ष हेच नाव होते. पुढे त्यासच महापौर म्हणू लागले. माथारपाखाडीत त्या दिवशी फटाके वाजले असतील, अशी माझी आपली कल्पना. पद मानाचे होते. पण वर्ष कठीण होते. मालकांनी मजुरीत शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली, आणि सप्टेंबरात दीड लाख मजूर पुन्हा रस्त्यावर आले. डिसेंबरात व्हाइसरॉयांनी देशी कापडावरील साडेतीन टक्के जकात स्थगित केली, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली व संप मिटला. या वेळी मजूर जिंकले. त्यांच्या मदतीचे काम मुख्यतः ना. म. जोशी यांनी चालविले होते, आणि त्यांचे श्रेय त्यांसच दिले पाहिजे.

बॅप्टिस्टांच्या कार्यास मर्यादा होत्या, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ते मजुरांचे वकील होते, मजूर नव्हते. अर्ज, शिष्टमंडळ, समिती, तडजोड, या साधनांवर त्यांची श्रद्धा होती. १९२८ साली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन पुढे आली, तेव्हा तरुण पुढाऱ्यांस ही जुनी पद्धत मिळमिळीत वाटू लागली, आणि मजुरांनीही नव्यांचा हात धरला. हा काळाचा न्याय होता, असे मी म्हणेन. तथापि ज्या काळी मजुराच्या बाजूने बोलणारा मनुष्यच मिळत नव्हता, त्या काळी बोलणारा मनुष्य आणि पुढे हजारोंच्या सभेत बोलणारा मनुष्य, यांत पहिल्यास अधिक धैर्य लागते. आणि एक गोष्ट तर विरोधकांसही नाकारता येणार नाही: बॅप्टिस्टांनी मजुराच्या हाती कधी दगड दिला नाही, व दगड उचलणाऱ्यास सोडून ते पळूनही गेले नाहीत.

काका हे नाव त्यांस कोणी प्रथम दिले कोण जाणे. आपल्याकडे काका म्हणजे बापाचा भाऊ. बाप नसला म्हणजे ज्याच्या दारी जावे तो. रत्नागिरीकडचा कुळवाडी, सोलापूरकडचा विणकर, उत्तरेकडचा भय्या, हे सर्व एका कॅथलिक बॅरिस्टरास काका म्हणत होते, यात जे आहे ते मला पुष्कळ प्रवचनांपेक्षा मोठे वाटते. आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांत मात्र ते नाव अद्याप कोणास माहीत नाही.

१९३० सालच्या एप्रिलमध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वडाळ्याच्या मिठागरांवर लोक धावून गेले, लाठ्या खाल्ल्या. पुढारी तुरुंगात गेले. बॅप्टिस्टा आता सहासष्ट वर्षांचे होते, आणि सत्याग्रहाचा मार्ग त्यांचा नव्हता. देश दुसऱ्याच्या हाकेने निघाला होता. अशा त्या धामधुमीच्या वर्षात, १८ सप्टेंबर १९३० रोजी, त्यांचे देहावसान झाले. ज्या स्वराज्यासाठी ते बेळगावास अध्यक्षपदी बसले, ते यावयास अजून सतरा वर्षांचा अवकाश होता.

त्यांचे दफन शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत झाले. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, जेथे एके काळी किल्ला होता आणि आता पाण्याचा मोठा जलाशय आहे, तेथील उद्यानास त्यांचे नाव दिलेले आहे. तेथून गोदी दिसते, आगगाडी दिसते, खाली माणसांची गर्दी दिसते. बाकांवर पेन्शनर बसतात, मुले खेळतात, आणि फाटकावरील नाव फारसे कोणी वाचीत नाही.

नायगावहून जावयाचे तर अंधेरीस गाडी बदलून हार्बर मार्गाने जावे. आधी शिवडी येते. तेथे उतरून दफनभूमीत मेणबत्ती लावावी. पुन्हा गाडी धरून पुढे तिसरे स्टेशन डॉकयार्ड रोड; उद्यान स्टेशनाच्या अगदी लगत, टेकडीवर आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मोठ्या मुलांस घेऊन येत्या १८ सप्टेंबरास जावयाचे मी ठरविले आहे. ज्यांस बरोबर यावयाचे असेल, त्यांनी आदल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या कचेरीत नाव द्यावे.